हीटर घेतला आहे, ताराला पाठवावं

महाल, नागपूर
मंगळवार, १२ डिसेंबर १९७८

सन्माननीय व्याही श्री. मधुसूदनराव यांच्या सेवेशी,

गोपाळ मास्तराचा मनापासून नमस्कार पोचावा. विहीणबाई सौ. सुमतीबाईंनाही माझा नमस्कार सांगावा. जावईबापू रवींद्ररावांना आणि आमच्या ताराला आशीर्वाद. आपला गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना दुखतो आणि चढताना दुखत नाही, असं आपण मागे लिहिलं होतं. त्यावर मी इकडे बराच विचार केला. माझ्या मते आपण काही दिवस फक्त चढावं. (उतरायचं कसं हे सुचलं की लगेच कळवतो.) संत्र्यांची करंडी रेल्वे पार्सलनं रवाना केली आहे. त्यात वरची संत्री आंबट आणि खालची गोड आहेत. विकणारे लोक नेमकं उलट लावतात, पण ही करंडी मी स्वतः भरली, त्यामुळे तसं झालं. विहीणबाईंनी वरून सुरुवात करू नये.

आपलं पत्र मिळालं. ताराचा सातवा महिना सरत आला आहे, आठव्यात प्रवास करायचा नाही, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे तर लग्नाच्या बैठकीतच ठरलेलं होतं. म्हणजे तिला पाठवायचं तर ह्याच पंधरवड्यात. असं असताना आपण लिहिता की नागपूरला थंडी फार असते असं ऐकतो, तिकडे बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवतात, त्या धुराचा मायलेकरांना त्रास होईल, शिवाय मास्तर, तुमच्यावरही उगीच भार, तेव्हा बाळंतपण इकडे ठाण्यालाच उरकलं तर कसं? आपण हे फार सौजन्यानं लिहिलं आहे, त्यामुळे मला त्यावर रागावताही आलं नाही. तारा माझी एकुलती एक मुलगी. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. पोर येणार म्हणून मी दिवाळीतच मधल्या खोलीला, म्हणजे तिच्या आईच्या खोलीला, चुना देऊन घेतला, बाज नव्यानं विणून घेतली, आणि डिंक, खारीक, गोडंबी हे सगळं आणून डब्यांत भरून ठेवलं. (लाडू कोण करणार हा प्रश्न वेगळा आहे.) ती आली नाही तर मला काय होईल ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. म्हणून मी इथं फक्त थंडीबद्दल लिहितो.

नागपूरच्या थंडीची ही बदनामी अधिवेशनामुळे होते. तुमच्याकडचे आमदार, त्यांचे मदतनीस आणि पत्रकार दर डिसेंबरात इकडे येतात, पहिल्याच सकाळी गार पाण्यानं तोंड धुतात आणि परत गेल्यावर आपण हिमालयात जाऊन आल्यासारखं सांगतात. मी भूगोल शिकवतो. समुद्रकाठी उन्हाळा आणि हिवाळा यांत फारसा फरक नसतो, आणि आमच्यासारख्या आतल्या मुलखात तो असतो, एवढी ही साधी गोष्ट आहे. आमच्याकडे मे महिन्यात जी ऊब जास्त होते तीच डिसेंबरात कमी पडते, वर्षाची सरासरी काढली तर नागपूर ठाण्याहून थंड ठरणार नाही. शिवाय बाळाचा जन्म फेब्रुवारीत, तेव्हा थंडी उतरणीला लागलेली असते. (हा मुद्दा फार चांगला आहे, पण तो मला हीटर घेतल्यानंतर सुचला.)

हो, हीटर. तेच सांगायला हे पत्र लिहितो आहे. आपण धुराची काळजी अजिबात करू नये, कारण ताराच्या खोलीसाठी मी गॅसचा हीटर घेतला आहे. सेकंडहँड आहे, पण साहेबी आहे. कोळसा नाही, राख नाही, धूर नाही. इथवर वाचून आपण पत्र विहीणबाईंकडे दिलं आणि ताराचं सामान बांधायला सांगितलं तरी चालेल. पण आपण इंजिनिअर माणूस, आपल्याला तपशील लागतात, आणि तपशिलात थोडा गोंधळ आहे.

हा हीटर मिळाला तो आमच्या शेजारच्या रुपरावामुळे. रुपराव कूलर बनवतो. उन्हाळ्यात त्याला जेवायला सवड नसते, आणि दसऱ्यानंतर तो माझ्या ओट्यावर बसून असतो. आपलं पत्र आलं त्या दिवशीही तो बसलेला होता. माझा चेहरा पाहून त्यानं काय झालं ते विचारलं, मी थंडीचं सांगितलं, आणि तो म्हणाला, ‘त्यात काय गा मास्तर, कामठीले एक मेमसाब सामान विकून राहिली. तिच्यापाशी हीटर आहे. हीटर म्हंजे काय, उलटा कूलर. कूलर बाहेरची गरम हवा घेते अन् थंडी करून देते, हा बाहेरची थंडी घेईन अन् गरम करून देईन.’ मला हे पटलं. आता मागं वळून पाहतो तेव्हा वाटतं की मला ते इतक्या लवकर पटायला नको होतं, पण त्या वेळी कुणी ताराला घरी आणण्याचा कुठलाही उपाय सांगितला असता तरी मला पटला असता.

३ तारखेच्या रविवारी आम्ही कामठीला छावणीत गेलो. बाई वयस्क, एका कर्नलच्या विधवा, मुलीकडे कायमच्या बंगलोरला निघालेल्या. बाकी सगळं विकून झालं होतं, फक्त भुसा भरलेलं एक हरणाचं डोकं आणि हा हीटर राहिला होता. (ह्यावरूनच काहीतरी ओळखायला हवं होतं.) बाई इंग्रजीत बोलत होत्या, रुपराव हिंदीत बोलत होता, आणि मी मधे उभा राहून दोघांकडे बघून मान डोलावत होतो. हीटर म्हणजे हातभर रुंदीची एक जड लोखंडी पेटी. समोर जाळी, जाळीच्या आत भाजलेल्या मातीचे पांढरे सुळके ओळीनं लावलेले, आणि बाजूला एक पितळी चावी. मी एकच प्रश्न विचारला, गरम होतो का? बाई म्हणाल्या, मसुरीला असताना त्यांचे यजमान आख्खा हिवाळा ह्याच्यासमोर मोजे न घालता बसत. मी हीच तांत्रिक माहिती समजलो. गॅस कुठून आणायचा हे मी विचारलं नाही, आणि कामठीला आल्यापासून आपण ह्याच्यावर फक्त फुलदाणी ठेवत होतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी तेव्हा मनातल्या मनात आपल्याला हे पत्र लिहीत होतो. ते पत्र ह्याच्याहून खूप लहान आणि ऐटदार होतं.

परत येताना रुपरावानं ओळखीचा ट्रक थांबवला. तो कन्हानकडून कोळसा घेऊन नागपूरला निघाला होता. म्हणजे कोळशाचा धूर नको म्हणून घेतलेला हीटर कोळशाच्या ढिगावर बसून महालात आला, आणि त्याला धरून बसलेला मीही. गल्लीच्या तोंडाशी मी उतरलो तेव्हा माझ्याच शाळेतल्या दोन पोरांनी मला ओळखलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. ज्यांनी ओळखलं त्यांनी जे विचारलं त्याचं वाटलं.

हीटर बसवण्याचं काम रुपरावानं लगेच हाती घेतलं. आपल्याला कल्पना नसेल, पण नागपुरात घराच्या खिडकीबाहेर कूलरचा लोखंडी स्टँड बारा महिने असतो. कूलर बसवायचा म्हणजे आधी खिडकीची दारं बिजागरीतून काढायची, मग पेटी स्टँडवर चढवायची, तोंड घरात, पाठ रस्त्यावर. रुपराव गेली कित्येक वर्षं हेच करत आला आहे, आणि मीही गेली कित्येक वर्षं हेच होताना बघत आलो आहे. त्यामुळे त्यानं ताराच्या खोलीच्या खिडकीची दारं काढली तेव्हा ती का काढायची, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. हीटर स्टँडवर चढला. तो कूलरहून बराच लहान, त्यामुळे चारी बाजूंनी फटी राहिल्या. त्यात खसाच्या जुन्या ताट्या, पोती आणि (हे आमच्या हेडमास्तरांच्या कानावर जाऊ नये) सातवी ‘ब’चे सहामाहीचे भूगोलाचे पेपर कोंबले. दोन पावलं मागं सरून रुपरावानं काम पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, ‘आता उन्हाळ्यात काढाचंबी काम नाही, यातच पाणी टाकू.’

मधुसूदनराव, ती खोली आमच्या घरातली सगळ्यात उबदार खोली होती. म्हणून तर ती बाळंतिणीला दिली होती. आता खिडकीला दारं नाहीत आणि हीटरला गॅस नाही, त्यामुळे ती घरातली सगळ्यात थंड खोली झाली. गल्लीतला वारा पेटीच्या पोटातून शिरून, मातीच्या सुळक्यांतून शीळ वाजवत थेट बाजेवर येतो. मी एक दुपार तिथं झोपून पाहिलं. कानटोपी घातली होती, सोलापुरी चादर दुमडून घेतली होती, तरी मला स्वप्नात मुंबईचे आमदार दिसले. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते असं मी मुलांना इतकी वर्षं शिकवतो, पण ती माझ्याच घरातून वाहील असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग गॅस आणायला निघालो. गॅसचं कनेक्शन मिळवायचं तर नंबर लावावा लागतो हे मला ऐकून माहीत होतं, पण नंबर लागायच्या आधी काय काय लागतं हे माहीत नव्हतं. दुकानातल्या कारकुनानं विचारलं, शेगडी कोणती आहे? मी म्हटलं, शेगडी नाही, हीटर आहे. त्यानं पेन खाली ठेवलं. मग आमचं बराच वेळ बोलणं झालं, ते मला सगळं समजलं असं म्हणता येणार नाही. कनेक्शन स्वयंपाकासाठी मिळतं, हीटरसाठी मिळत नाही. स्वयंपाकासाठी घ्यायचं तर घरात स्वयंपाक करणारी बाई कोण, तिचं नाव सांगा. मी म्हटलं, स्वयंपाक मीच करतो. तो म्हणाला, ‘मास्तरजी, मग तुमाले गॅस काहून पाह्यजे? एकट्या माणसाचं त स्टोवर भागून जाते.’ मी ताराचं सांगितलं. बाळंतपण म्हटल्यावर तो जरा विरघळला, म्हणाला नंबर लावून ठेवा, नातवाच्या मुंजीच्या आत येऊन जाईल. हे त्यानं चेष्टेनं म्हटलं की सांत्वन म्हणून, हे मला घरी येईपर्यंत कळेना. रुपरावाला विचारलं, तर तो म्हणाला मुंज कधी करता त्यावर आहे.

इकडे बायजाबाई येऊन खोली बघून गेल्या होत्या. बायजाबाई म्हणजे आमच्या गल्लीत बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाई. ताराला जन्मल्यावर त्यांनीच न्हाऊ घातलं होतं, आणि आता ताराच्या लेकरालाही घालणार म्हणून त्यांनी दुसरीकडची कामं सोडली आहेत. त्यांनी हीटर पाहिला आणि दारातच थांबल्या. ‘मास्तर, काहून आनलं हे? कसं दात इचकून पाहून राहिलं. बाळंतीण भेईन ना. तोंड फिरवा त्याचं, नाही त मी या खोलीत पाय नाही ठेवत.’ मी त्यांना समजावून सांगायला लागलो की ते दात नसून उष्णता पसरवणारे मातीचे सुळके आहेत, पण सांगता सांगता मला स्वतःलाच ते दात दिसायला लागले. रुपरावानं मध्यस्थी केली. तो म्हणाला, लोखंड तापते, लोखंडाले तोंड नाही अन् पाठ नाही, फिरवून देऊ. बायजाबाईंना घालवून चालणारच नव्हतं, म्हणून हीटर फिरवला. तोंड गल्लीकडे, पाठ ताराच्या बाजेकडे. ह्या बदलाचा पुढं काय परिणाम होईल, ह्याचा विचार मी केला नाही. तोपर्यंत माझी विचार करण्याची शक्ती गॅसच्या दुकानातच संपली होती.

आमच्या गल्लीत गॅस एकाच घरी आहे. ते घर यमुताईंचं. त्या आमच्या शाळेत गायन शिकवतात आणि रागावल्या तरी सुरात रागावतात. त्यांच्याकडे जाऊन मी म्हटलं, तारासाठी एकदा चालवून बघायचा आहे, सिलिंडर थोडा वेळ द्याल का? ताराचं नाव ऐकताच त्यांनी गॅसवरची डाळ तशीच अर्धी कच्ची उतरवली आणि सिलिंडर दिला. (तारा त्यांची विद्यार्थिनी. तिला गाणं कधी आलं नाही, पण यमुताईंचा तिच्यावर जीव.) सिलिंडर घेऊन यमुताईही आल्या, कारण डाळ अडली होती. बायजाबाई आल्या. समोरचे बापूजी, ज्यांचे सांधे धरतात, तेही काठी टेकत आले आणि बाहेर खिडकीखाली उभे राहिले. रुपरावानं रबराची नळी लावली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट बांधली, चावी फिरवली आणि स्टँडवर चढून काडी दाखवली. भप्प असा आवाज झाला. यमुताई ओरडल्या. आणि मग, मधुसूदनराव, तो पेटला! खोटं सांगत नाही, फार सुंदर पेटला. ते मातीचे सुळके आधी निळे, मग गुलाबी, मग लालबुंद झाले.

हे मला बापूजींनी सांगितलं. कारण आम्ही सगळे खोलीत होतो आणि खोलीत काहीच दिसत नव्हतं. आम्ही हात पुढं करून हीटरच्या पाठीसमोर उभे होतो आणि एकमेकांना विचारत होतो, लागते का ऊब? यमुताई म्हणाल्या, किंचित. बायजाबाई म्हणाल्या, काहीच नाही. बाहेर मात्र गलका वाढायला लागला. मी ओट्यावर येऊन पाहतो तर सगळी गल्ली गरम झालेली. बापूजींनी शाल काढून खांद्यावर टाकली होती. दोन सायकलरिक्षावाले सवारी खाली उतरवून हात शेकत होते, आणि ती सवारीही शेकत होती. कुणीतरी खाट आणली, एक गाय येऊन उभी राहिली, आणि सगळे मला म्हणत होते, वा मास्तर, फार पुण्याचं काम केलं. मी त्यांना काय सांगणार? माझ्या ताराला सोडून मी सगळ्यांना ऊब दिली होती. यमुताईंनी सिलिंडर परत मागितला तेव्हा गल्ली त्यांच्यावरच नाराज झाली. त्यानंतर रोज संध्याकाळी बापूजी खुर्ची घेऊन खिडकीखाली येतात आणि नुसतं विचारतात, आज लावता का? त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून मी बघतो असं म्हणतो.

मग मी शहाण्यासारखा रामदासपेठेत डॉक्टर चारुशीलाबाईंकडे गेलो, जिथं ताराचं नाव घालायचं आहे. हीटरचं तोंड परत आत फिरवलं तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. त्या म्हणाल्या, बंद खोलीत गॅस जाळायचा नाही, तान्हं मूल असताना तर मुळीच नाही, खिडकी उघडी हवी. मी म्हटलं, खिडकी उघडी ठेवली तर थंडी येते. त्या म्हणाल्या, मग हीटर नको. मी म्हटलं, हीटर नसेल तर शेगडी लागेल. त्या म्हणाल्या, शेगडीचा धूर तर नकोच. मी म्हटलं, मग थंडीचं काय? तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, मास्तर, बाळाला टोपरं, दुपटं आणि आईची कूस एवढं पुरतं, खिडकीला दारं लावून घ्या म्हणजे झालं. नागपुरात आजवर मुलं जन्मली नाहीत का? थंडीचं मला सांगू नका, घरात बाई कोण आहे ते सांगा. मी म्हटलं, बायजाबाई सकाळी येऊन तेल-न्हाणं करतील. आणि बाकीचा दिवस? मी म्हटलं, मी आहे. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी नमस्कार करून उठलो. त्यांचा तो प्रश्न माझ्या मते विषयाला सोडून होता, कारण मी हीटरबद्दल विचारायला गेलो होतो.

तर एकंदरीत सगळं हे असं आहे. हीटर घेतलेला आहे, तो चालतो, धूर करत नाही, आणि त्याची ऊब गल्लीतल्या लोकांनी स्वतः अनुभवलेली आहे. तेव्हा आपण थंडीची शंका मनातून काढून टाकावी आणि आठवा लागायच्या आत ताराला इकडे धाडावं, ही हात जोडून विनंती. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला,
गोपाळ मास्तर

ता. क. वर ‘हीटर चालतो’ असं लिहिलं आहे ते विहीणबाईंना वाचून दाखवू नये. आज दुपारी मी तो खिडकीतून काढला. दारं पुन्हा बसवली, ती बाहेर दवात राहून जरा फुगली आहेत, पण लागतात. काही न करता खोली होती तशी उबदार झाली. हीटर बापूजींनी मागून नेला आहे. त्याच्याजवळ बसलं की बरं वाटतं म्हणतात, आणि तो पेटवलेला नसतो, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलेलं नाही. सातवी ‘ब’चे पेपर बरेचसे वाचता येतात.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा बाहेर काढलं. मधुसूदनराव, मी मंद माणूस आहे, मला गोष्टी उशिरा कळतात. आपण थंडी असं लिहिलंत, धूर असं लिहिलंत, आणि मी थंडी आणि धूर ह्यांच्याच मागे धावत कामठीपर्यंत जाऊन आलो. आपल्याला जे विचारायचं होतं ते आपण माझ्या मनाला लागू नये म्हणून लिहिलं नाही. ते डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि गॅसच्या दुकानातल्या कारकुनानंही विचारलं. घरात बाई नाही. मी बाज विणून घेतली, पण बाळ रडायला लागलं तर मी फक्त धावत जाईन, जाऊन पुढं काय करायचं हे मला माहीत नाही. ताराला ताप आला, तिला रडू आलं, तर ती मला सांगणार नाही, आईला सांगितलं असतं. त्याला हीटर काय करणार?

म्हणून आता जे विचारायचं आहे ते विचारतो. विहीणबाई ताराबरोबर इकडे येतील का? मुलीच्या माहेरी सासूनं येऊन बाळंतपण करावं अशी रीत नाही, हे मला माहीत आहे. विहीण घरी आली की तिचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, साडी नेसवून मानानं परत पाठवायचं, एवढंच आमच्याकडे ठाऊक. मी मात्र विहीणबाईंना रात्रीचं उठायला सांगणार आहे, डिंकाचे लाडू करायला सांगणार आहे, माझ्या हातचं वरण खायला लावणार आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. यमुताई म्हणतात त्या स्वतः विहीणबाईंच्या मदतीला येतील, आणि बायजाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या डोळे पुसून म्हणाल्या, ‘आनाच त्यायले, मास्तर.’ ताराला तिच्या आईच्या खोलीत आई मिळावी एवढंच मला हवं आहे. सुमतीबाईंना हे वाक्य वाचून दाखवायला हरकत नाही.

शेवटचं. होकार असेल तर तार करावी, मी स्टेशनावर येतो. तिकिटं काढताना रवींद्ररावांचं येण्या-जाण्याचं काढावं. विहीणबाईंचं परतीचं इतक्यात काढू नये.